एकीला दिलेली सवलत दुसरीच्या रात्रपाळीतून वसूल होते, तेव्हा इन्चार्जने काय करावे?

रातराणी

नमस्कार. मी एका धर्मादाय रुग्णालयात परिचारिका आहे आणि गेल्या दिवाळीनंतर मला तेथील पुरुष मेडिसिन वॉर्डची इन्चार्ज नेमण्यात आले. ज्यांच्याबरोबर मी कालपर्यंत ड्युटी केली आणि एकाच टेबलाशी बसून डबा खाल्ला, त्यांचीच ड्युटी लिस्ट आता मला लावावी लागते, त्यांच्या रजेवर सही करावी लागते आणि त्यांच्याकडून काही चुकले तर वर उत्तरही मलाच द्यावे लागते. माझ्या आधीच्या इन्चार्ज सिस्टर अत्यंत कडक होत्या. त्या वॉर्डात शिरल्या की बोलणे थांबत असे आणि कोणी घरची अडचण सांगू लागले, तर ‘घर घरी ठेवून यायचे’ एवढेच उत्तर मिळे. आपल्याकडे कधी ही जबाबदारी आली तर आपण असे वागायचे नाही, हे मी तेव्हाच ठरवले होते आणि आजचा पेच त्या निश्चयातूनच उभा राहिला आहे.

आमच्या एका सिस्टरच्या सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. पती ट्रान्सपोर्टच्या व्यवसायात असल्यामुळे आठवड्यातील बहुतेक दिवस बाहेरगावी असतात आणि मुलगी अजून शाळेतही जात नाही. काही काळ मला रात्रपाळी लावू नका, अशी विनंती तिने केली आणि मी ती मान्य केली. इतर जणींनीही सुरुवातीला ते आनंदाने स्वीकारले. परंतु तो ‘काही काळ’ लांबत गेला, आमच्याकडील आणखी एक जण प्रसूती रजेवर गेली आणि उरलेल्यांच्या वाट्याला बारा-बारा तासांच्या रात्री अधिक येऊ लागल्या. परवा ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवताना, एक मुलगी माझ्या कानांवर पडेल इतक्या आवाजात म्हणाली, ‘आमची लग्ने झाली नाहीत म्हणून आमच्या रात्री स्वस्त आहेत का?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि खरे सांगायचे तर अजूनही नाही.

दुसरी गोष्ट याच सुमारास घडली. नव्याने रुजू झालेल्या एका सिस्टरने रात्रपाळीत एका रुग्णाचे इंजेक्शन शेजारच्या खाटेवरील रुग्णाला दिले. ते लक्षात येताच ती स्वतःहून माझ्याकडे आली. डॉक्टरांना तात्काळ कळवले, रुग्णावर लक्ष ठेवले आणि सुदैवाने त्याला कोणताही अपाय झाला नाही. आता प्रशासनाला तिच्याकडून लेखी खुलासा हवा आहे आणि तिच्यावर कारवाई करावी की करू नये, याविषयी माझा अभिप्रायही मागवला आहे. मी सौम्य अभिप्राय दिला तर औषधांच्या बाबतीत निष्काळजीपणा चालतो असा संदेश जाईल का, आणि कठोर दिला तर पुढच्या वेळी कोणी माझ्याकडे येईल का, असे दोन्ही बाजूंचे प्रश्न मला पडले आहेत.

मध्यंतरी आम्हा सर्व इन्चार्जसाठी ‘सहृदय नेतृत्व’ या विषयावर अर्ध्या दिवसाचे शिबिर झाले. सहकाऱ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवा आणि त्यांच्याशी हसून बोला, असे तेथे सांगण्यात आले. ते मी करतेच. ज्यांनी प्रत्यक्ष माणसे सांभाळली आहेत, त्यांच्याकडून मला थोडे खोलात जाऊन ऐकायचे आहे.

---

निवृत्त अधिसेविका

तुमचे दोन्ही प्रश्न वरवर वेगळे दिसतात. पण मला ते एकाच ठिकाणी जाऊन मिळताना दिसतात, म्हणून दोन्हींविषयी लिहिते. मी शासकीय रुग्णालयांत परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज, आणि पुढे अधिसेविका, म्हणजे मेट्रन, म्हणून काम केले आहे. आधी औषधाची चूक घेऊ, कारण तिच्यावर तुम्हाला लवकर लिहून द्यायचे आहे.

अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी दोन रुग्णालयांमधील आठ विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला आणि तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत चुका कमी आढळतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अशा विभागांतील नोंदवलेल्या चुकांची संख्या अधिक निघाली. बारकाईने पाहिल्यावर त्याचा उलगडा झाला. तेथील परिचारिका चुकांविषयी मोकळेपणाने बोलत होत्या आणि त्या वरिष्ठांच्या कानांवर घालत होत्या, तर धाक असलेल्या विभागांत चुका झाकल्या जात होत्या. मला या निष्कर्षाचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. मी अधिसेविका झाल्यावर ज्या वॉर्डाच्या नोंदवहीत वर्षभर एकही चूक लिहिलेली नसे, त्या वॉर्डात मी आवर्जून जास्त वेळ काढत असे. माणसे काम करीत आहेत आणि एकही चूक होत नाही, यावर विश्वास ठेवण्याइतकी भोळी अधिसेविका माझ्या पाहण्यात नाही. तुमच्या आधीच्या इन्चार्जच्या काळात वॉर्ड शांत होता असे तुम्ही सुचवता. ती शांतता नेमकी कशाची होती, हे तेव्हाच्या कोणा सिस्टरला आता निवांतपणे विचारून पाहा.

याचा अर्थ प्रत्येक चूक हसून सोडून द्यायची, असा मात्र नाही. मी तीन प्रकार वेगळे मानत आले. थकवा, घाई किंवा सारखी दिसणारी नावे यांमुळे होणारी चूक हा पहिला प्रकार. तेथे माणसाला धीर द्यावा आणि व्यवस्था दुरुस्त करावी. सगळेच करतात म्हणून एखादी पायरी गाळणे हा दुसरा. तेथे स्पष्ट शब्दांत समज द्यावी आणि ती पायरी का गाळली जाते हेही शोधावे. धोका दिसत असूनही बेफिकिरीने वागणे किंवा झालेली गोष्ट लपवणे हा तिसरा. तेथे कारवाईची शिफारस करताना हात थरथरू देऊ नये. तुमच्या सिस्टरने स्वतःहून येऊन सांगितले, ही बाब अभिप्रायाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. त्यानंतर त्या रात्री वॉर्डात रुग्ण किती होते, सिस्टर किती होत्या, अनेक रुग्णांची इंजेक्शने एकाच ट्रेमध्ये एकत्र भरून नेली होती का, रुग्णाला त्याचे नाव विचारले गेले होते का आणि हातावरील पट्टी पाहिली गेली होती का, हे लिहा. तिची ही सलग कितवी रात्र होती, तेही लिहा. तेथेच तुमचे दोन प्रश्न एकमेकांना भेटण्याचा संभव आहे.

एक गोष्ट तुमच्या लिखाणात आली नाही, म्हणून विचारते. त्या रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना हे सांगण्यात आले आहे का? आपल्या मुलींना सांभाळून घेताना रुग्णाला अंधारात ठेवले, तर तो चांगुलपणा आपण रुग्णाच्या खिशातून करतो. डॉक्टरांना बरोबर घ्या आणि सांगा. बहुतेक माणसे आपल्याला वाटते त्यापेक्षा समजूतदारपणे ऐकून घेतात. जी घेत नाहीत, त्यांचा राग रास्तच असतो.

आता रात्रपाळीविषयी. तुम्ही सवलत दिली हे योग्यच केले. परंतु ती तुमच्या दोघींमध्ये ठरली आणि तिचा भार मात्र ज्या त्या बोलण्यात नव्हत्या त्यांच्यावर पडला. सासऱ्यांच्या आजाराचा तपशील सर्वांना सांगण्याची गरज नाही, तो तिचा खाजगी विषय आहे. पण सवलत आहे, ती अमुक तारखेपर्यंत आहे, त्या तारखेला फेरविचार होणार आहे आणि उद्या तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर तिलाही हेच मिळेल, एवढे सर्वांना उघडपणे कळलेच पाहिजे. तिच्याशीही बोला आणि तिला काय देता येईल ते तिलाच विचारा. रात्री जमत नसतील तर रविवारची सकाळ, सणावारची ड्युटी, किंवा भांडारातून साहित्य आणण्याचे आणि नोंदवह्या पूर्ण करण्याचे कंटाळवाणे काम ती घेऊ शकेल. माझा अनुभव असा आहे की सवलत घेणाऱ्या बाईलाही केवळ घेत राहणे जड जाते. परत करण्याची वाट मिळाली की ती वॉर्डात पुन्हा मान वर करून वावरू लागते.

---

चाकणचा शिफ्टवाला

ताई, नमस्कार. मी रुग्णालयात काम करीत नाही. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्ट सांभाळतो, तरी तुमचा प्रश्न मला अगदी ओळखीचा वाटला. अधिसेविका मॅडमच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे. एका बाबतीत मात्र मला पुढे जावेसे वाटते. एखाद्याच्या घरी आजारपण आले की त्याला सवलत मिळेल की नाही, हे त्याच्या इन्चार्जच्या स्वभावावर अवलंबून असावे, हीच गोष्ट मला खटकते. आज तुम्ही आहात म्हणून त्या सिस्टरला दिलासा मिळाला. उद्या तुमची बदली झाली आणि जुन्या पद्धतीच्या बाई पुन्हा आल्या, तर तिचे सासरे काही त्या दिवशी बरे होणार नाहीत.

आमच्या लाइनवर कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी उभा करण्यासाठी रिलीव्हर ठेवलेला असतो, कारण माणसे आजारी पडणार, गावाला जाणार आणि त्यांच्या घरांत लग्ने-मर्तिके होणार, हे गृहीत धरूनच संख्या ठरवलेली असते. तुमच्या क्षेत्रातही हा विचार नवा नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रुग्णसंख्येच्या प्रमाणात परिचारिका किती असाव्यात हे सांगताना रजेसाठी ३० टक्के अधिक मनुष्यबळ धरलेले आहे. तुमच्या वॉर्डात ते असते, तर एक जण प्रसूतीसाठी गेली आणि एकीला रात्री जमत नाहीत, एवढ्याने सगळ्या रचनेला तडा गेला नसता. प्रसूती रजा हा तर काही अपघात नव्हे, तिची सूचना कित्येक महिने आधी मिळते. म्हणजे त्या मुलीने विचारलेला प्रश्न पत्त्यावर चुकला आहे, असे मला वाटते. तिच्या रात्री सवलत घेणाऱ्या सिस्टरने घेतलेल्या नाहीत, रिकाम्या ठेवलेल्या जागांनी घेतल्या आहेत.

थोडे विषयाच्या कडेने जातो. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, तेव्हा तेथील मोठी डोकेदुखी कामगारांची गैरहजेरी हीच होती. त्या काळी त्यावरचा सर्वमान्य उपाय दंड आणि हकालपट्टी हा होता. जमशेटजी टाटांनी मिलमध्ये हवेत ओलावा राखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा बसवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि १८९५ पासून अपघातग्रस्त कामगारांना भरपाई देण्यास प्रारंभ केला. मालकांची थोरवी गाण्याचा मला छंद नाही आणि गिरणी कामगारांना पुढे जे मिळाले त्यातील बरेचसे लढूनच मिळाले, हेही मी विसरत नाही. तरीही त्या भरपाईविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हात यंत्रात सापडलेल्या कामगाराला ती मागण्यासाठी मॅनेजरचा मूड पाहावा लागू नये, अशी ती सोय होती. तुमच्या शिबिरात वाढदिवसांऐवजी यावर बोलणे झाले असते, तर तो अर्धा दिवस सत्कारणी लागला असता.

---

डबल ड्युटी

मी त्या मुलीच्या जागी आहे, म्हणून लिहिते. माझे लग्न झालेले नाही, मी हॉस्टेलवर राहते आणि आमच्या आयसीयूत कोणाचीही अडचण आली की पहिला फोन मला येतो. वरील दोन्ही प्रतिसाद मी आदराने वाचले. परंतु शिफ्टवाले दादांनी आमचा प्रश्न ‘पत्त्यावर चुकला’ असे म्हटले, ते मला पटले नाही. व्यवस्थापनाने जागा भरल्या नाहीत हे आम्हालाही ठाऊक असते. तरीही रिकाम्या जागेत कोणाचे नाव लिहायचे, हे इन्चार्जच्या हातातील पेनच ठरवते आणि ते पेन दर वेळी त्याच नावांवर का थांबते, असा आमचा प्रश्न आहे. तो बरोबर पत्त्यावर पोहोचलेला आहे.

लग्न न झालेल्या मुलीला घर नसते, असा एक समज आहे. माझे आईवडील गावी असतात, वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांना तालुक्याच्या गावी दाखवायला नेणारे माझ्याशिवाय कोणी नाही. मी पोस्ट बेसिक या परिचर्येच्या पुढील पदवी अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची तयारी करीत आहे. यांतील काहीही मी ड्युटी लिस्ट लागण्यापूर्वी सांगत नाही, कारण ‘मुलाला ताप आहे’ या कारणापुढे ‘अभ्यास आहे’ हे कारण उच्चारण्याचीच लाज वाटावी, असे वातावरण असते. रातराणी ताई, तुम्ही मनाने चांगल्या आहात हे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. पण ज्या सिस्टर तुमच्यासमोर येऊन रडत नाहीत, त्यांना तुम्ही कधी विचारले आहे का? जिला आपले दुःख नीट मांडता येते तिला दिलासा मिळतो आणि जी गप्प राहून काम करते तिच्यावर काम वाढते, असे बहुतेक ठिकाणी होते.

आणखी एक. ‘एखादी रात्र करशील का?’ असे सगळ्यांसमोर विचारणे म्हणजे विचारणे नव्हे, कारण तेथे नाही म्हणणारी वाईट ठरते. एकटीला विचारा आणि नकाराचे कारण मागू नका. आणि होकार मिळाला तर त्याची भरपाई कशाने होईल ते त्याच वेळी सांगा. मला पेढा नको आणि व्हॉट्सअॅपच्या समूहावर फुलांचे चित्रही नको. जास्तीच्या रात्रीनंतर पूर्ण नाईट ऑफ हवा आणि पुढील महिन्यातील दोन ऑफ माझ्या पसंतीचे हवेत. ते मिळत असतील, तर मी त्या सिस्टरसाठी तिची मुलगी शाळेत जाईपर्यंतही रात्री करीन.

---

रातराणी

आपणा सर्वांचे आभार. रुग्णाच्या नातेवाइकांना अद्याप सांगितलेले नव्हते. उद्या डॉक्टरांच्या राउंडनंतर आम्ही दोघे मिळून त्यांच्याशी बोलणार आहोत. ती चूक झाली, ती त्या सिस्टरची सलग चौथी रात्र होती, हे मी आज ड्युटी लिस्ट काढून पाहिले.

डबल ड्युटी यांचे म्हणणे मला लागले, पण ते खरे आहे. मी सर्वांशी एकेकटीने बोलायला सुरुवात केली आहे. जिने तो बोचरा प्रश्न विचारला होता, तिच्या आईची शस्त्रक्रिया पुढील महिन्यात आहे आणि ती रजा मागायची की नाही याच विवंचनेत होती. अशी माहिती मिळू लागली की बरे वाटण्याऐवजी छातीवर दडपण येते. प्रत्येकीचे काही ना काही आहे आणि माझ्याजवळ वाटण्यासाठी रात्री मात्र तेवढ्याच आहेत. तूर्त मी स्वतः काही रात्री करून फटी बुजवते आहे. घरी गेल्यावरही त्यांचीच दुःखे डोक्यात घोळत राहतात. हे असेच असते का?

---

ऐकणारा

मी समुपदेशक आहे आणि वेदनाशामक उपचार विभागातील कर्मचाऱ्यांबरोबर काम करतो. शेवटच्या प्रश्नापुरतेच लिहितो.

जर्मनीतील लायपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी काही प्रयोग केले. त्यांत सहभागी झालेल्यांना आधी समोरच्याचे दुःख आपल्यातही अनुभवण्याचा सराव दिला, तेव्हा क्लेशाची दृश्ये पाहताना त्यांची स्वतःची अस्वस्थता वाढली. त्यानंतर त्याच दुःखी माणसाविषयी आपुलकी बाळगण्याचा आणि त्याचे भले व्हावे अशी इच्छा मनात धरण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांना पुन्हा बरे वाटू लागले आणि मेंदूतील वेगळे भाग कार्यरत झालेले दिसले. दोन्ही वेळा माणसे समोरच्याच्या दुःखाकडेच पाहत होती, पाठ कोणीही फिरवली नव्हती.

रुग्णांच्या बाबतीत तुम्ही हे रोज करता. खाटेवरील माणूस विव्हळत असताना तुम्ही त्याच्याबरोबर विव्हळत नाही, त्याच्या उशाशी जाऊन पुढचे औषध केव्हा द्यायचे ते पाहता. आपल्या सहकाऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांची अडचण सोडवता आली नाही तर निदान ती आपण भोगली पाहिजे, असे तुम्हाला वाटते आहे. कोणी मन मोकळे करीत असेल तेव्हा पूर्ण लक्ष देऊन ऐका आणि शेवटी ‘यात माझ्याकडून तुम्हाला काय हवे आहे?’ असे विचारा. पुष्कळ वेळा उत्तर ‘काही नाही, तुम्हाला माहीत असावे एवढेच’ असे येते. जेथे काही हवे असेल, तेथे मला काय करता येईल आणि काय येणार नाही, हे त्याच बैठकीत सांगा. खोटी आशा दाखवून लांबवलेला नकार हा स्पष्ट नकारापेक्षा अधिक दुखावतो, असे मी कर्मचाऱ्यांच्या तोंडून वारंवार ऐकले आहे.

---

संघटनेतला एक

सहृदयतेची शिबिरे भरवणाऱ्या प्रशासनाला दोन साध्या गोष्टी विचारा. पहिली, तुमच्याकडे पाळणाघर आहे का? मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि त्याच दुरुस्तीत ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले. रजा वाढल्याचे सर्वांना ठाऊक आहे, पाळणाघराविषयी कोणी बोलत नाही. पाळणाघर असेल तर ते रात्रपाळीच्या वेळी उघडे असते का, हेही विचारा. तुमच्या त्या सिस्टरची अर्धी अडचण कदाचित तेथेच सुटेल.

दुसरी गोष्ट पगाराची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी शिफारशी केल्या होत्या. २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांनी शासकीय परिचारिकांइतके वेतन द्यावे आणि ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे, असे त्यांत होते. त्या शिफारशींची आज तुमच्याकडे काय स्थिती आहे, ते तुम्हीच सांगू शकाल. पगार कमी म्हणून मुली सोडून जातात, जागा रिकाम्या राहतात, उरलेल्यांच्या रात्री वाढतात आणि मग इन्चार्जला हसून बोलायला शिकवले जाते.

---

निवृत्त अधिसेविका

रातराणी, तुम्ही स्वतः रात्री करून फटी बुजवता असे लिहिलेत, ते आजच थांबवा. हे कठोर वाटेल. पण तुम्ही ज्या रात्री फुकट भरून काढता, त्या कागदावर कोठेही दिसत नाहीत. वॉर्ड व्यवस्थित चालला आहे असे प्रशासनाला दिसते आणि जागा भरण्याची घाई कोणालाच राहत नाही. शिवाय रात्र करून सकाळी राउंडला उभी राहणारी इन्चार्ज दुपारपर्यंत चिडचिडी होते आणि तिचा राग सर्वांत धाकट्या मुलीवर निघतो. अगदी आणीबाणीत करावी लागली, तर मस्टरवर डबल ड्युटी म्हणून नोंद झालीच पाहिजे.

डबल ड्युटी यांनी लिहिलेल्या भरपाईच्या गोष्टी तुमच्या अखत्यारीत बसतात, त्यांसाठी कोणाची परवानगी लागत नाही. पुढील महिन्याची ड्युटी लिस्ट लावताना मागील तीन महिन्यांत प्रत्येकीच्या किती रात्री झाल्या, याचा तक्ता तिच्याशेजारीच लावा. शब्दाने काही बोलू नका. तो तक्ता पाहून तुमच्याविषयीचा निम्मा संशय आपोआप दूर होईल आणि पक्षपात खरोखरच होत असेल, तर तो सर्वांत आधी तुम्हाला दिसेल. ज्या मुलीच्या आईची शस्त्रक्रिया आहे, तिची रजा ती मागण्याची वाट न पाहता आत्ताच लिस्टवर लिहा.

उरलेला प्रश्न जागांचा आहे आणि तो वर नेणे हाही तुमच्या कामाचाच भाग आहे. मुलींशी गोड आणि साहेबांपुढे गप्प, अशा इन्चार्ज मी पुष्कळ पाहिल्या. त्यांच्या वॉर्डातील मुलींचे त्यांच्यावर प्रेम असे आणि हाल मात्र तेच राहत. पत्र लिहा आणि त्यात मुली थकल्या आहेत, रडतात, नाराज आहेत यांतील काहीही लिहू नका. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रजेवर किती, गेल्या तीन महिन्यांत सलग तीनहून अधिक रात्री किती वेळा लावाव्या लागल्या आणि डबल ड्युटी किती झाल्या, एवढेच आकडे द्या. त्याखाली औषधाच्या त्या चुकीचा संदर्भ एका वाक्यात द्या: चूक घडली ती संबंधित परिचारिकेची सलग चौथी रात्र होती. विशेषणे लावू नका. सही करणाऱ्याला त्या एका वाक्याचा अर्थ बरोबर कळतो, कारण पुढच्या वेळी रुग्णाला अपाय झाला तर हे पत्र कोणत्या फायलीत सापडेल, हे त्याच्या लगेच ध्यानात येते.

पत्र हातात देऊन परत फिरू नका. प्रशासन विभागात नोंद करून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या आणि ती प्रत वॉर्डात न ठेवता स्वतःच्या घरी ठेवा.